मूलच्या ज्यूकबॉक्सचा ट्रेबल

‘आवाज दबला’ अशी तक्रार घेऊन कोणी दुकानात आलं, की मी आधी विचारतो, कुठला आवाज? माणूस गोंधळतो. आवाज म्हणजे आवाज, त्यात कुठला काय? मग त्याला सांगावं लागतं, की आवाजाला खालची बाजू असते तशी वरचीही असते. ढोल खाली, झांज वर. खालच्या बाजूला बास म्हणतात, वरच्या बाजूला ट्रेबल. बास गेला तर कोणालाही कळतं, कारण छातीत धडधड होत नाही. ट्रेबल गेला तर मात्र काहीतरी कमी आहे एवढंच जाणवतं. काय कमी आहे, ते सांगता येत नाही.

चंद्रपूरहून ऊर्जानगरकडे जाताना डाव्या हाताला माझं दुकान आहे. रेडिओ आणि टेपपासून सुरुवात केली, मध्ये लग्नाच्या डीजेचे डबे दुरुस्त केले, आणि गेली काही वर्षं जुने ज्यूकबॉक्स करतो. ज्यूकबॉक्स ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी कपाटाएवढं यंत्र, वरून काच, आत रांगेने उभ्या केलेल्या छोट्या रेकॉर्डी. बटण दाबलं की एक हात सरकत येतो, हवी ती रेकॉर्ड उचलतो आणि सुईखाली ठेवतो. पूर्वी मोठ्या शहरांच्या हॉटेलांत असत. आपल्याकडे कोळसा खाणीच्या साहेबांच्या क्लबांत एखाददुसरा होता. आता ताडोब्याच्या गेटबाहेरचे रिसॉर्टवाले आणि काही हौशी लोक ते शोधून आणतात, आणि आणल्यावर सगळ्यांची तक्रार एकच असते : वरचा आवाज नाही.

तो मुळातच थोडा कापलेला असतो. एकच रेकॉर्ड शेकडो वेळा वाजायची, झिजायची, खरखरायची. ही खरखर वरच्या आवाजात असते, म्हणून बनवणाऱ्यांनी वरचा आवाजच थोडा दाबून ठेवला. उरलेला वयामुळे जातो. मी ठरलेल्या क्रमाने तपासतो : सुई, सुईचं हेड, तिथून निघणारी वायर, कंडेन्सर, टोनचं बटण आणि सर्वांत शेवटी ट्वीटर, म्हणजे बारीक आवाज काढणारा छोटा स्पीकर. प्रत्येक टप्प्यावर मोजतो. मोबाईलमधून एकेका उंचीचा सूर सोडायचा आणि पलीकडे किती पोहोचला ते मीटरवर बघायचं. माझा स्वतःच्या कानावर विश्वास नाही, कारण सकाळी चांगला वाटलेला आवाज दुपारी जेवणानंतर वेगळा वाटतो. मीटर जेवत नाही.

या धंद्यात गमतीही होतात. मोहर्लीकडच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर म्हणाला, “भाऊ, गाणं गोधडीत गुंडाळल्यासारखं येऊन राह्यलं.” मी मागची फळी उघडली. ट्वीटरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, चांगलं मुठीएवढं, वाळून कडक झालेलं. मी ते खरवडायला लागलो तर मॅनेजर ओरडला, “थांबा, थांबा! फोटो काढू द्या. गेस्टले वाघ नाई दिसला तं हे तरी दाखवता येते.”

गडचिरोलीच्या एका हौशी गिऱ्हाइकाला ट्रेबल भरपूर हवा होता, पण रेकॉर्डची खरखर अजिबात नको होती. दोन्ही एकाच ठिकाणी राहतात, एक ठेवून दुसरी काढता येत नाही, हे मी त्याला अर्धा तास समजावलं. शेवटी तो म्हणाला, “रामटेकेभाऊ, तुम्हाले येत नसन तं तसं सांगा ना.”

दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमती लिहा, असा संपादकांचा निरोप आहे. त्या लिहिल्या. पण ज्यूकबॉक्सचं नाव काढलं की मला आधी मूल गावातली गिरणी आठवते, आणि ती गंमत नाही. तिथे त्या दुपारी बसलेला धक्का माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

मूलला वासुदेवभाऊंची भाताची गिरणी आहे. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटक, सकाळपासून गिरणीत. तरुणपणी ते खाणीच्या क्लबच्या स्वयंपाकघरात तांदळाची पोती पोहोचवायचे. आत जायची मुभा नव्हती, म्हणून खिडकीखाली उभं राहून ज्यूकबॉक्स ऐकायचे. पुढे क्लब बंद पडला, सामान लिलावात निघालं, तेव्हा त्यांनी टेबलखुर्च्या सोडून ते एक यंत्र उचललं आणि घराच्या ओसरीवर आणून ठेवलं. घर गिरणीला लागूनच आहे.

“मले तसाच आवाज पाहिजे,” ते मला म्हणाले. “खिडकीतून येत होता तसा. झांज अशी खणकन यायची. आता नाई येत.”

वासुदेवभाऊंच्या कानाची मूल तालुक्यात ख्याती होती. गिरणीचं बेअरिंग खराब व्हायच्या बेताला आलं की ते आधी ओळखत. त्यांची रीत साधी होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या डब्यावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, “हे आठ दिवस काढन, ते नाई काढत.” आणि तसंच व्हायचं. दुसरे गिरणीवाले त्यांना गाडी पाठवून बोलवून नेत. “बाबाचा कान म्हणजे मशीन हाये,” असं त्यांचा मुलगा संजय मला फोनवरच म्हणाला होता.

मी पोहोचलो तेव्हा अंगणात गवंडी काम करत होता. मधोमध कमरेएवढी भिंत उभी झाली होती. मी सहज विचारलं, हे काय काढलं? वासुदेवभाऊंच्या पत्नी, गंगाबाई, ओसरीवरच तांदूळ निवडत बसल्या होत्या. गिरणीच्या घरातल्या बाया बोलतात तशा त्या मोठ्याने बोलल्या. सगळं आयुष्य मशीनच्या वर आवाज काढण्यात गेलेलं.

“काय सांगू भाऊ, पोराले वेगळं काढून राह्यले. सून बोलत नाई याईच्याशी. लग्न झाल्यापासून दोन दिवाळ्या झाल्या, एक शब्द नाई.”

“भांडण झालं का काही?”

“भांडाले तोंड तं उघडाव लागते,” वासुदेवभाऊ मध्येच म्हणाले. “विचारलं तं उत्तर नाई. आरमोरीच्या मास्तराची पोरगी हाये, शिकलेली हाये, आमच्याशी काऊन बोलन? गिरणीच्या ऑफिसात बसवलं होतं. किती पोते आले विचारलं तं नुसती खाली पाहे. उठवलं तिथून. मुक्याबरोबर एका घरात मी नाई राहत.”

संजय दारात उभा होता. गवंडी विटा लावत होता. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट, म्हणून मी ज्यूकबॉक्सची मागची फळी काढायला लागलो.

दोष लगेच सापडला. ट्वीटरचा कागद तेलाने माखून मऊ पडला होता. कागद हलका आणि कोरडा असला तरच बारीक आवाज निघतो. हा पापडासारखा कडक असायला हवा, तो भज्याच्या कागदासारखा झाला होता.

“याला तेल कोणी लावलं?”

“मीच,” वासुदेवभाऊ म्हणाले. “दसऱ्याले सगळ्या मशीनले तेल देतो, पूजा करतो. यालेच काऊन सोडू?”

“दर दसऱ्याला?”

“मंग! उपाशी ठेवू काय?”

गंगाबाई हसल्या, संजय हसला, मीही हसलो. त्या घरातलं तेवढंच हसू मला आठवतं.

मी ट्वीटर बदलला. सुई बदलली, दोन कंडेन्सर बदलले. मोबाईलमधून सूर सोडून मोजलं. खालपासून बारा हजार हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला बारा हजार कंपनांपर्यंत, मीटरचा काटा जवळजवळ एकाच जागी. या वयाच्या यंत्राला एवढं मी क्वचितच मिळवलं आहे. मनातून खूश झालो आणि रेकॉर्ड लावली. झांज ओसरीभर खणखणली. विटा लावणारा गवंडी मान वळवून बघायला लागला.

वासुदेवभाऊ म्हणाले, “फरक नाई पडला.”

मला वाटलं, माझी फिरकी घेत आहेत. मी बटण पूर्ण उघडलं. गंगाबाईंनी कानावर हात ठेवला. “अवो, कमी करा ना, डोक्यात घुसून राह्यलं!”

“झांज कुठी हाये?” वासुदेवभाऊ म्हणाले. ते चिडलेले नव्हते, खरंच विचारत होते. ते यंत्राजवळ आले, तळहात कपाटाला लावला, मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून कानामागे टेकवला. “ढोल हाये. तबला हाये. झांज नाई.”

माझ्या मीटरवर झांज होती.

तेवढ्यात सून पाणी घेऊन आली. अर्चना तिचं नाव. डोक्यावर पदर, सासऱ्यांच्या बाजूने तो थोडा पुढे ओढलेला, मान खाली आणि तोंड भिंतीकडे. सासऱ्यांपुढे सुनेने कसं यावं याची त्या घरची रीत असेल, त्याप्रमाणे ती आली, तांब्या ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, “पाणी घ्या मामाजी. चहा ठेवू काय?” आणि वळून गेली.

वासुदेवभाऊ मला म्हणाले, “पाहा. तुमच्या डोळ्यादेखत. पाणी आणलं, ठेवलं, चालली. तोंडातून शब्द काढला काय?”

मी सहा फुटांवर होतो. मी दोन्ही वाक्यं ऐकली होती.

पहिल्यांदा मला त्यांचा रागच आला. सासरेपणा करत आहेत, परक्यासमोर सुनेला खोटं पाडत आहेत असं वाटलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यावर लबाडी नव्हती. झांज कुठे आहे हे विचारताना होता तोच चेहरा होता. हातातला स्क्रूड्रायव्हर मी खाली ठेवला.

इथे थोडं समजावून सांगतो. बोलण्यातले आ, ओ हे ठसठशीत स्वर खाली असतात. स, श, त, च, ख ही अक्षरं वर असतात, दोन हजारांच्या पुढे, आणि तीही क्षीण. कोणीतरी बोललं हे खालच्या बाजूने कळतं, काय बोललं ते वरच्या बाजूने. आयुष्यभर मोठ्या मशीनजवळ काम केलं की कानाची वरची बाजू आधी जाते. बेअरिंगची घरघर मात्र खाली असते, आणि तीही ते हाडाला लावून ऐकत. मोठ्याने बोलणारी बायको ऐकू येत होती, घोगऱ्या आवाजाचा मुलगा ऐकू येत होता. त्यामुळे घरात कोणालाच शंका आली नाही. बेअरिंग ओळखणारा माणूस बहिरा कसा असेल? ऐकू येत नव्हती ती फक्त झांज, आणि बारीक आवाजाची, मान वळवून बोलणारी सून. ती इतकं हळू बोले, की खालची बाजूही त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. पुरुषासारखं तोंडासमोर बोलली असती तर ओठांवरून तरी कळलं असतं. तिने मान ठेवला म्हणून तेही गेलं.

हे तोंडाने सांगून त्यांना पटलं नसतं. मी म्हटलं, “भाऊ, एक तपासणी राहिली. घरातले सगळे लागतील.”

संजय आला, गंगाबाई सरकल्या, अर्चना आतल्या दारात उभी राहिली. गवंडीही थापी घेऊन भिंतीशी थांबला. मी सांगितलं, यंत्रातून एक सूर येईल, तो वर वर चढत जाईल. ऐकू येतो तोवर हात वर ठेवायचा, थांबला की खाली घ्यायचा.

“शाळा भरवली काय?” वासुदेवभाऊ म्हणाले, पण हात वर केला.

पाचशे. हजार. सगळे हात वर. दोन हजार. त्याच्या थोडं पुढे गेलो आणि वासुदेवभाऊंचा हात खाली आला.

“झाला बंद,” ते म्हणाले.

सूर चालूच होता. त्यांनी आजूबाजूला बघितलं. बायकोचा हात वर. मुलाचा हात वर. गवंडी थापीसकट हात वर करून उभा. ते हसले. “बस करा आता, फिरकी घेता काय माही?”

“बाबा,” संजय म्हणाला, “चालू हाये.”

“काय चालू हाये?”

“आवाज चालू हाये बाबा.”

सूर चढत राहिला. पाच हजारांपुढे गंगाबाईंचा हात आला, मग गवंड्याचा, मग दहा हजारांच्या आसपास माझा आणि थोड्या वेळाने संजयचा. शेवटी एकटी अर्चना दारात हात वर करून उभी होती. दुसऱ्या हाताने तिने पदर धरला होता. वासुदेवभाऊ तिच्याकडे बघत होते. दोन वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं सरळ बघितलं नसावं.

मी सूर बंद केला. तिने हात खाली घेतला. बंद झाला तेही तिलाच कळलं.

“तुले ऐकू येऊन राह्यला होता?” त्यांनी तिला विचारलं.

“हो मामाजी,” ती पदराआडून म्हणाली.

ते थांबले. मग माझ्याकडे वळले. “पाहा, आता बी नाई बोलली.”

“त्या ‘हो मामाजी’ म्हणाल्या, भाऊ,” मी मोठ्याने म्हटलं. “मघाशी पाणी ठेवलं तेव्हा चहाचंही विचारलं होतं. मी ऐकलं.”

वासुदेवभाऊ खाली बसले. ज्यूकबॉक्सला पाठ लावून. गंगाबाई “अवो बाई, अवो बाई” एवढंच म्हणत होत्या. संजयने तोंड फिरवलं.

मग ते म्हणाले, “तुम्ही या मशीनले केलं तसं माह्या कानाले होते काय?”

मी खरं ते सांगितलं. मी डॉक्टर नाही. चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरांना दाखवा, यंत्र बसेल, बरंच ऐकू येईल. पण कानातलं जे गेलं ते कंडेन्सरसारखं बदलून मिळत नाही.

त्यांनी मान हलवली. मग सुनेकडे बघून म्हणाले, “दोन वर्षं तू बोलून राह्यली होती?”

ती बोलायला लागली. तोच हळू आवाज. फक्त मान सरळ होती आणि तोंड त्यांच्याकडे होतं. तिचं झालं तेव्हा ते माझ्याकडे बघायला लागले. “काय म्हणते?”

मुलाने सांगावं म्हणून मी संजयकडे बघितलं. तो अंगणात बघत होता. मग मलाच सांगावं लागलं. परक्या घरात, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला, त्याच्या सुनेची वाक्यं मोठ्या आवाजात.

“त्या म्हणतात, मी रोज बोलत होते. किती पोती आली तेही सांगत होते.”

“मंग मोठ्यानं काऊन नाई बोलली?”

ती काहीतरी म्हणाली.

“त्या म्हणतात, सून सासऱ्यापुढे ओरडली असती तर सगळे ‘बोंबलते’ म्हणाले असते.”

गंगाबाईंनी मान खाली घातली.

“मले काय माहीत?” वासुदेवभाऊ म्हणाले. “मले ऐकूच येत नव्हतं ना बाई! कान गेले तं माही काय चुकी?”

तिने उत्तर दिलं. हे उत्तर मला पुन्हा म्हणायचं नव्हतं. पण ते माझ्याकडे बघत राहिले.

“त्या म्हणतात,” मी म्हटलं, “कान गेले ही तुमची चूक नाही. पण तोंड शाबूत होतं. सून मुकी आहे, घमेंडी आहे, हे त्या तोंडाने गावभर सांगितलंत. एकदाही मला जवळ बसवून विचारलं नाही.”

मी आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केली. दोष सापडला आणि काढला की यंत्र वाजतं, असा माझा हिशोब. त्या क्षणापर्यंत मी मनात धरून चाललो होतो, की आता गैरसमज निघाला, आता हे रडतील, ते हसतील आणि मला जेवायला बसवतील. तिच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर तो हिशोब कोसळला.

भिंतीशी उभ्या असलेल्या गवंड्याच्या हातातला माल वाळत चालला होता. तो चुळबुळत होता. शेवटी त्याने विचारलं, “भाऊ, मंग भिंतीचं काय? काम थांबवू काय?”

गवंड्याचा आवाज मोठा होता, वासुदेवभाऊंना ऐकू गेला. त्यांनी त्याला उत्तर दिलं नाही. ते सुनेच्या तोंडाकडे बघायला लागले, तिच्या ओठांकडे, डोळे बारीक करून.

ती दोन शब्द बोलली.

ते माझ्याकडे वळले. “काय म्हणाली?”

मी सांगितलं, “चालू ठेवा.”